गोधडीसाठी कापडाचं गाठोडं घेताना

कटपीसचं गाठोडं किलोवर मिळतं, स्वस्तही वाटतं. पण मागच्या वर्षी त्यातल्या एका लाल तुकड्यामुळे माझी महिनाभर शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात डागाळली. गिऱ्हाइकाने ती परत केली. म्हणून सांगते, गाठोडं सोडून बघूनच घ्या.

आधी तुकड्यांचा आकार पाहा. 4 इंची चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच शिवण धरली, की साडेतीन इंचच उरतात. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा कापड शिवणीतच गेलं. 8 इंची तुकड्यात साधारण आठवा हिस्सा जातो.

मग कापड ओळखा. एक धागा ओढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. दोन्ही शेजारी जोडू नका. धुतल्यावर सुती आटतं, पॉलिस्टर फारसं आटत नाही, आणि गोधडीला चुण्या पडतात.

शेवटी गडद तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं घासा. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा बाजूला काढा. बाकीचे धुऊन, वाळवून मगच जोडा.

ही दहा मिनिटं वाचवायला गेले, नि माझा महिना वाया गेला. तुमचा जाऊ देऊ नका.