तीन उपग्रह, एक कक्षा

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या अंतराळ-खेळात कर्बिन ग्रहाची त्रिज्या 600 किलोमीटर आहे आणि तो 5 तास 59 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे विषुववृत्तावर 2,863 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. अशा तीन उपग्रहांत 120 अंशांचे अंतर राखले, की ते एकमेकांना सतत दिसतात आणि ग्रहाआड गेलेल्या यानाचा संदेशही तळापर्यंत पोहोचतो. पृथ्वीसाठी हीच मांडणी आर्थर सी. क्लार्क यांनी 1945 मध्ये सुचवली होती.

खरे कौशल्य अंतर साधण्यात आहे. तिन्ही उपग्रह वाहणारे यान लंबवर्तुळाकार कक्षेत ठेवतात: दूरबिंदू 2,863 किलोमीटरवर, निकटबिंदू सुमारे 1,223 किलोमीटरवर. या कक्षेचा आवर्तकाल स्थिर कक्षेच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 3 तास 59 मिनिटे भरतो. दर फेरीला दूरबिंदूवर एक उपग्रह सुटतो आणि इंजिन पेटवून कक्षा वर्तुळाकार करतो. यानाची पुढची फेरी पूर्ण होईतो तो 240 अंश पुढे गेलेला असतो. साहजिकच दुसरा त्याच्यापासून 120 अंशांवर बसतो.

कक्षा किंचित लंबगोल राहिली तरी चालते, आवर्तकाल मात्र तंतोतंत जुळायला हवा. एका सेकंदाच्या फरकानेही कर्बिनच्या वर्षभरात उपग्रह सुमारे सात अंश सरकतो. म्हणून शेवटची दुरुस्ती इंजिनाचा जोर अगदी कमी ठेवूनच करावी.