चौघांचा गंधार

सूर दूरदेशीचे : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण ऑर्केस्ट्राच्या गर्दीत होतो. ऐंशी-नव्वद वादक, समोर छडी घेऊन उभा संचालक आणि ओबोने दिलेल्या एका सुरावर सगळ्यांची जुळवाजुळव. आज माणसं चारच. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. याला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. संचालक नाही, ठेक्याला तबला नाही आणि सुराला तानपुराही नाही. यातलं शेवटचं ‘नाही’ मला सगळ्यात मोठं वाटतं, म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी.

तानपुरा नीट लागला की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पंचम बसतो, जोडीच्या तारा एक होतात, जवारी खुलते आणि खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. स्वयंभू गंधार. आमचे गुरुजी तो ऐकू येईपर्यंत आम्हाला षड्जसुद्धा लावू देत नसत. पेटीवरचा गंधार त्याच्याशी ताडून पाहिला तर थोडा चढा निघतो, कारण पेटीत आणि पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. व्हायोलिनला ना पट्ट्या, ना पडदे. बोट कुठे पडलं म्हणजे सूर लागला, हे कानानेच ठरवायचं. मग चौघांचा मिळून गंधार कोणता?

कुणा व्हायोलिन वाजवणाऱ्याला हा प्रयोग करून दाखवायला सांगा. आपले वादक तारा षड्ज-पंचमात लावतात. तिकडे जी, डी, ए, ई अशा चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. हे पंचम अगदी शुद्ध लावून घ्या. आता जी तार मोकळी ठेवून शेजारच्या डी तारेवर पहिल्या बोटाने ई धरायचा आणि दोन्हींवर एकदम गज फिरवायचा. जी हा षड्ज मानला तर ई त्याचा धैवत. दोन्ही सूर एकमेकांत विरघळेपर्यंत बोट हलवत राहायचं. विरघळले? आता बोट तिथेच ठेवून पलीकडची ए तार मोकळी वाजवायची. तोच ई बेसूर वाटतो! एशी जुळवायला बोट जरासं वर न्यावं लागतं, आणि नेलं की जीशी बिनसतं. हा फरक ८१ ला ८० या प्रमाणाचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. आपल्याकडचे बरेच श्रुतिअभ्यासक याच अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. बोटाच्या टोकाला ते जेमतेम जाणवतं. कानाला मात्र लगेच खुपतं.

म्हणजे एकच स्वर, पण सोबत कोण आहे त्यावर त्याची जागा बदलते. एकटा गाणारा सारा हिशेब एका षड्जाशी करतो. क्वार्टेटमध्ये षड्जच दर काही क्षणांनी बदलतो, आणि चौघांनाही बोट ठेवण्याआधीच ते उमगावं लागतं.

मोकळ्या तारांतही हाच पेच आहे. व्हियोला आणि चेलोची सर्वांत खालची तार सी. तिच्यापासून शुद्ध पंचमाने चढत गेलं की सी, जी, डी, ए आणि शेवटी व्हायोलिनची ई येते. ही ई सीचा गंधार म्हणून ऐकली तर चांगलीच चढी लागते. म्हणून बरीच क्वार्टेट्स पंचम मुद्दाम तिळभर अरुंद लावतात. तानपुऱ्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं. मलाही झालं होतं. पण चौघांचा गंधार जमावा म्हणून प्रत्येकाने आपल्या पंचमातलं थोडं सोडून द्यायचं, हे समजलं तेव्हापासून मी क्वार्टेट वेगळ्या कानाने ऐकू लागलो.

तालमीत हे प्रत्यक्ष दिसतं. एखादा स्वरमेळ, ज्याला ते कॉर्ड म्हणतात, जुळत नसला की सगळे थांबतात. चेलो एकटा खालचा सूर धरतो. त्यावर पंचमवाला येतो. तो स्थिर झाला की सगळ्यात शेवटी गंधारवाला हलकेच बोट टेकवतो आणि खाली खाली येत जागा शोधतो. तोच गंधार जर धावत्या सुरावटीत आला तर कुणी इतका उतरवत नाही. तिथे तो चढा ठेवला तरच सुरावटीला धार येते.

हायडनने ६८ क्वार्टेट्स लिहिली, त्यांच्यापासून ऐकायला सुरुवात करणं रीतसर होईल. मी मात्र आजच्या मुद्द्यासाठी बेथोव्हेनच्या ओपस १३२ मधला तिसरा भाग सुचवेन. १८२५ च्या वसंतात तो मोठ्या दुखण्यातून उठला होता, आणि बऱ्या झालेल्या माणसाने देवाला वाहिलेलं कृतज्ञतेचं गाणं, असं त्यानेच या भागाचं वर्णन करून ठेवलं आहे. स्वर लिडियन, म्हणजे आपला कल्याण थाट. वाद्यं एकामागून एक आत येतात आणि मग लांब, संथ कॉर्ड्स सुरू होतात. बरेच वादक इथे स्वरावरचं कंपन जवळजवळ काढून टाकतात. मग लपायला जागाच उरत नाही.

नव्या संगीतात हा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. अमेरिकी संगीतकार टेरी रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. ज्या घराण्याचा सूर अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवला, त्याच घराण्याची ही दुसरी वाट कॅलिफोर्नियाला पोचली. शुद्ध स्वरांसाठी रायलीला पियानो मुद्दाम वेगळा लावून घ्यावा लागे. पुढे मिल्स कॉलेजात त्याची गाठ क्रोनोस क्वार्टेटशी पडली. स्वरलेखन त्याने जवळपास सोडून दिलं होतं, पण क्रोनोसच्या डेव्हिड हॅरिंग्टनने पिच्छा पुरवला आणि तो पुन्हा लिहू लागला. ‘सलोमी डान्सेस फॉर पीस’ ही त्याची दोन तासांची रचना त्यातूनच आली. याच क्रोनोसने २००५ मध्ये आशा भोसले यांना घेऊन आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली.

ओपस १३२ ऐकाल तेव्हा जवळ तानपुरा असू द्या. आधी दहा मिनिटं तो ऐका, मग क्वार्टेट लावा आणि चेलोवर कान ठेवून वरचा गंधार शोधा. पुढच्या आठवड्यात व्हियोलाकडे वळू.