पायथनचा इंटरप्रिटर आणि मराठी विद्यार्थी

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषांपैकी नवशिक्यांच्या हाती आज बहुधा प्रथम दिली जाते ती पायथन. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस तिची बांधणी सुरू केली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. तिच्या सोपेपणाचे मोठे श्रेय तिच्या इंटरप्रिटरला, म्हणजे लिहिलेली आज्ञा वाचून ती तिथल्या तिथे पार पाडणाऱ्या प्रोग्रामला, द्यावे लागते.

बालाघाटच्या कुशीतल्या येडशीतील एखाद्या विद्यार्थ्याने पाच दिवसांच्या पावसाचे आकडे, समजा १२, ०, ३५, ८ आणि २० मिलिमीटर, 'येडशी_पाऊस' या नावाने साठवले, तर पायथनची तिसरी आवृत्ती (२००८) ते देवनागरी नाव बिनतक्रार स्वीकारते. सरासरी काढण्याचे सूत्रही त्याला लिहावे लागत नाही, कारण ते स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहात, 'स्टॅटिस्टिक्स' या विभागात २०१४ पासून आहे. एका ओळीत सरासरी १५ आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधला आकडा, १२ मिळतो. तारखा, यादृच्छिक संख्या, कासवाच्या चालीने चित्रे काढणारा 'टर्टल' असे कितीतरी विभाग या संग्रहात असतात. पायथन एकदा संगणकावर बसवली की त्यांतील बहुतेक विभाग इंटरनेटविना चालतात, आणि जिथे रेंज येते-जाते तिथे या सोयीचे मोल फार मोठे आहे.

देवनागरीशी मात्र तिचे वागणे बारकाईने पाहण्याजोगे आहे. अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दिलेला '३५' हा आकडा ती संख्येत नीट बदलून देते, पण '३५ + ५' हे गणित देवनागरी अंकांत थेट मांडले तर ते चूक म्हणून नाकारते. 'येडशी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर तीन नव्हे, पाच येते, कारण य, ड आणि श यांच्याबरोबर मात्रा आणि वेलांटी ही चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात.

पायथनचे राखीव शब्द जेमतेम ३५ असल्याने इंग्रजीची खरी अडचण त्यांत नाही. ती चुकांच्या संदेशांत आहे, कारण मूल अडते नेमके तिथेच आणि तिथला मजकूर सारा इंग्रजी असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीतूनही ऐकवण्याची वाट घालून दिली आहे. शाळाशाळांतील शिक्षकांनी नेहमी येणाऱ्या दहा-वीस चुकांचे अर्थ मराठीत लिहून संगणककक्षाच्या भिंतीवर लावावेत.