बटणाला कोणी सांगितलेच नाही!

हल्ली भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा मोबाईलवरून जाते. गेल्या वर्षी नागपूरच्या धाकट्या बहिणीला मीही तशीच पाठवायला बसलो. पाच हजारांचा आकडा घातला आणि 'पाठवा' हे बटण दाबले. पडद्यावर काही हलले नाही. शिल्लक होती तेवढीच, बटण होते तसेच निळे! वाटले, बोट नीट टेकले नसेल. म्हणून पुन्हा दाबले. मिनिटाभरात बहिणीचा फोन, "दादा, यंदा दोनदा ओवाळणी? लॉटरी लागली की काय?" मी हसलो खरा, पण दुसऱ्या वेळी गेलेले पाच हजार सौ.च्या औषधांचे होते.

रात्री पुतणीपुढे गाऱ्हाणे मांडले. मोबाईलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर आपल्याला जे दिसते, ते रचण्याचे काम ती करते. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "चूक तुमची नाही, काका. पैसे निघाले हे आतल्या यंत्रणेला ठाऊक होते. बटणाला ते कोणी सांगितलेच नाही."

मग तिने जे समजावले, ते वाचकांनाही सांगण्याजोगे आहे. पडदा म्हणजे एक अखंड चित्र नव्हे. बटण, शिल्लक, यादी असे सुटे भाग जोडून तो तयार होतो. या भागांना 'कंपोनंट' म्हणतात आणि त्या त्या क्षणीच्या वस्तुस्थितीला 'स्टेट'. पैसे पाठवताना ही स्थिती निदान चार प्रकारची असते: अजून पाठवले नाहीत, पाठवणे चालू आहे, पोचले, फसले. स्थिती पालटली की तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक भाग पालटायला हवा.

"मग एकेकाला सांगायचे!" मी म्हणालो.

"लग्नघरात तसेच करतात ना? मुहूर्त अर्धा तास पुढे गेला. आत्याने भटजींना सांगितले, भटजींनी वाजंत्रीवाल्यांना. आचाऱ्याला सांगायचे राहिले आणि पुऱ्या गार झाल्या!"

फेसबुकसारख्या मातबर कंपनीचीही अशीच फजिती झाली होती. न वाचलेल्या निरोपांचा आकडा दिसे; उघडून पाहावे तर नवा निरोप नाहीच! चूक दुरुस्त करावी, तर काही दिवसांनी भूत पुन्हा हजर. २०१४ साली कंपनीच्या अभियंत्यांनीच ही हकीकत जाहीर व्याख्यानात सांगितली. त्यांनी काढलेला तोडगा असा, की बदलाची वाट एकेरी करायची. कोणत्याही भागाने दुसऱ्याला परस्पर बदलायचे नाही.

त्याआधी, २०१३ साली, याच कंपनीने जॉर्डन वॉक या अभियंत्याने निर्माण केलेले 'रिॲक्ट' हे साधन सर्वांसाठी खुले केले होते. त्याची रीत साधी आहे. स्थिती बदलली की तिच्यानुसार त्या भागाची मांडणी नव्याने करायची, ती आधीच्या मांडणीशी ताडून पाहायची आणि फरक पडला असेल तेवढेच पडद्यावर बदलायचे. म्हणजे मांडवाच्या दारात एकच फळा. मुहूर्त तिथेच लिहायचा आणि भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सर्वांनी त्याप्रमाणे चालायचे. मूळ कल्पना तशी जुनीच. १९७९ च्या 'व्हिसिकॅल्क' या हिशेबाच्या कार्यक्रमात एक आकडा बदलला की त्यावर बेतलेल्या बेरजा आपोआप बदलत.

"पण माझ्या बटणाचे काय?" मी मूळ पदावर आलो.

"पाठवणे चालू झाले, की बटणाने फिके पडायचे, 'थांबा, पाठवीत आहोत' असे म्हणायचे आणि दुसरा दाब घ्यायचाच नाही. पण एवढ्यावर विसंबून भागत नाही, काका. तोच व्यवहार पुन्हा आला, तर आतल्या यंत्रणेनेही तो ओळखून अडवायला हवा."

दुसऱ्या दिवशी बहिणीने जादा पैसे परत पाठवले. फोनवर म्हणाली, "एकदाच दाबलंय हं, दादा! आले का?"

पाहतो तर शिल्लक जुनीच. "नाही आले," असे अगदी ओठांवर आले होते. पण पुतणीचे बोलणे आठवले. ते पान बंद करून पुन्हा उघडले, तर पाच हजार जमा!

"आले गं," म्हटले, आणि पिशवी घेऊन औषधे आणायला निघालो.