खंडेनवमीची चिंच आणि टोपीचे रिव्हॉल्व्हर

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले की उरुळी कांचन मागे पडते आणि यवतच्या अलीकडे दौंड तालुक्यातले कासुर्डी येते. इथून उत्तरेला मुळा-मुठा आणि पुढे भीमा ओलांडली की शिरूर तालुका. या तालुक्यात एकसष्ट वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढाई झाली. आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेल्या कंपनीच्या सैनिकांच्या खांद्यावर तेव्हा गारेच्या बंदुका होत्या. पुढे फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी आपला पहिला छापा धामारीला घातला. तोवर पुण्याजवळ खडकीत बंदुकीची काडतुसे बनवणारा कारखाना उभा राहून दहा वर्षे झाली होती. या एकसष्ट वर्षांत बंदुकीची दारू पेटवण्याची रीत दोनदा बदलली. आधी गार जाऊन तांब्याची टोपी आली, मग टोपी जाऊन पितळी काडतूस आले. मधल्या टप्प्यातले टोपीचे छोटे, खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर हा संग्राहकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. मला त्यातली रसायनाची बाजू सर्वांत मोलाची वाटते, कारण अस्सल वस्तू ओळखायची खरी किल्ली तिथेच आहे.

गारेच्या बंदुकीत घोडा पडला की गार पोलादावर घासते, ठिणगी कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या, दारूवर पडते आणि तिथला जाळ बारीक भोकातून नळीत शिरतो. यात क्षणभर जातो. पाऊस असला तर जाळच होत नाही. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे धर्मगुरू अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. कानातला जाळ दिसताच पक्षी उडून जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याआधी १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे मर्क्युरी फुल्मिनेट या संयुगाचा अभ्यास मांडला होता. त्याला त्याच वर्षी कॉप्ली पदक मिळाले, पण प्रयोग करताना तो जखमीही झाला होता. हे संयुग फुटायला ठिणगी लागत नाही, नुसता ठोका पुरतो. फोर्सिथ यांनी ठोक्याने फुटणारी दारू बंदुकीला जोडली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. म्हणजे कोरेगावला गारा घासल्या जात होत्या तेव्हा त्यांची जागा घेणारी युक्ती अकरा वर्षांची झाली होती. लष्करांनी ती उचलायला आणखी वीस-पंचवीस वर्षे घेतली.

ही दारू तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसवण्याची कल्पना कोणाची, यावर बऱ्याच जणांनी हक्क सांगितला. जोशुआ शॉ याचे नाव त्यांत पुढे असते. त्याला अमेरिकेत १८२२ मध्ये पेटंट मिळाले. टोपीचा व्यास चार-साडेचार मिलिमीटर. तळाशी दारूचा पातळ थर. ती एका पोकळ खुंटीवर दाबून बसवायची. बंदूकवाले या खुंटीला निपल म्हणतात. घोडा टोपीवर आदळला की दारू खुंटीच्या काठात आणि घोड्यात चेमटते. फुल्मिनेटच्या रेणूत पारा, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना जेमतेम धरून असतात. धक्का बसला की त्याचा पारा, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन होतो. वायू आणि उष्णता एकदम सुटते आणि ज्वाळा खुंटीच्या भोकातून मुख्य दारूपर्यंत पोचते. दिवाळीत मुले पिस्तुलात टिकल्या वाजवतात, तिथेही ठोक्याने फुटणारे मिश्रणच असते, फक्त त्यात पारा नसतो. आणि कोकणात पिकांच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका आजही खुंटीवर केप, म्हणजे अशीच टोपी, चढवूनच चालतात.

रिव्हॉल्व्हर शक्य झाले ते या टोपीमुळे. गारेसाठी प्रत्येक बाराला वेगळा कान, त्यात सुटी दारू, वर झाकण असा पसारा लागे. तो फिरत्या सिलिंडरवर बसवण्याचे प्रयत्न झाले, पण ते महागडे आणि बेभरवशाचे ठरले. टोपी आपापल्या खुंटीवर घट्ट बसते, सिलिंडर फिरवला तरी पडत नाही. सॅम्युएल कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. त्याच्या रचनेत अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतली छोटी पोलादी कळ सिलिंडरच्या मागच्या दात्याला ढकलते. पाच घरांचा सिलिंडर असेल तर तो बरोबर ७२ अंश फिरतो आणि खालून वर येणारी खिट्टी त्याला जागच्या जागी अडकवते. घर आणि नळी एका रेषेत आल्याशिवाय घोडा पूर्ण चढत नाही. ही अचूकता हातकामाने साधणे अवघड होते, यंत्राने एकसारखे भाग कापणाऱ्या कारखान्यातच ती स्वस्तात जमली. कोल्टचे १८४९ चे खिशातले मॉडेल सव्वातीन लाखांच्या घरात बनले आणि १८७३ पर्यंत निघत राहिले. त्याचा व्यास ०.३१ इंच, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचा प्रसंग उमटवलेला असतो. लंडनलाही १८५३ ते १८५७ या काळात कोल्टचा कारखाना चालला.

लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टला इंग्रज प्रतिस्पर्धी भेटला, रॉबर्ट अ‍ॅडम्स. त्याने सांगाडा आणि नळी एकाच अखंड तुकड्यातून घडवली. कोल्टच्या सांगाड्याला वरून पट्टी नव्हती. नळी एका आडव्या पाचरीवर धरलेली असे, म्हणून बरेच बार काढल्यावर ती सैल होई. अ‍ॅडम्समध्ये नुसता चाप ओढला की घोडा चढे आणि पडे. १८५६ मध्ये लेफ्टनंट ब्यूमाँट यांनी दोन्ही रीती एकत्र आणणारी सुधारणा केली. हिंदुस्थानात नोकरीला येणारे ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर बहुधा आपल्या पैशाने विकत घेत. त्यामुळे इथे सापडणाऱ्या नगांवर कोल्टपेक्षा अ‍ॅडम्स, ट्रँटर, वेब्ली ही इंग्रजी नावे शोधावीत, आणि सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर विकणाऱ्या पेढीचे नाव आहे का तेही पाहावे. कलकत्त्याची मँटन आणि कंपनी ही त्यांतली नामांकित पेढी.

इंग्रजी नगांवर व्यास इंचात नसतो, बोअरमध्ये असतो. गावाकडे बारा बोअरची बंदूक कोणालाही ठाऊक असते. त्या बाराचा अर्थ असा: त्या नळीत चपखल बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या केल्या, तर एका पौंडात बारा बसतात. अ‍ॅडम्सच्या खिशातल्या लहान मॉडेलला १२० बोअर म्हणतात. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याला १२० ने भागले की गोळी पावणेचार ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४ धरून गोलाचा व्यास काढला तर ८.६ मिलिमीटर येतो. मोठ्या ५४ बोअरच्या मॉडेलचा ११.२ मिलिमीटर. घरी कॅलिपर असेल तर विकणारा सांगतो ते मॉडेल आणि नळीचे माप जुळते का, हे पाच मिनिटांत कळते. नळीला खाचा असल्याने थोडा फरक पडेल, पण ५४ च्या जागी १२० कधीच निघणार नाही.

आता गंजाकडे. टोपीत बहुतेक वेळा निव्वळ फुल्मिनेट नसे, ज्वाळा लांबावी म्हणून पोटॅशियम क्लोरेट मिसळलेले असे. क्लोरेट जळाले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंडाला आतून खातो. काळ्या दारूची राखही ओलावा धरते, पण क्लोराइडइतकी ती घातक नाही. म्हणून खरोखर वापरलेल्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरवर गंज सगळीकडे सारखा नसतो. खुंट्यांभोवती खोल खळगे पडतात, सिलिंडरचा तोंडाचा काठ आणि त्यासमोरचा नळीचा मागचा भाग झिजलेला असतो. मुठीजवळचा भाग मात्र पुष्कळदा नुसता तपकिरी पडलेला, हात लागून लागून मऊ झालेला. गंजाला असा नकाशा असतो. नवा ओतीव नग आम्लात बुडवून जुना केलेला असेल तर गंज सर्वत्र एकसारखा येतो, खुंटीभोवती आणि मुठीखाली तोच रंग, तेच खळगे. भिंगाखाली ओतकामाचे बारीक बुडबुडे दिसतात. शिक्का ठोकलेला असेल तर त्याच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, साच्यातून आलेल्या शिक्क्याच्या कडा बोथट असतात. अस्सल इंग्रजी नगावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुटाचे शिक्के नळीवर आणि सिलिंडरच्या घरांमध्ये असतात. कोल्टवर सांगाडा, नळी, सिलिंडर, चापाभोवतीची पितळी कमान अशा अनेक भागांवर एकच क्रमांक असतो. तो जुळला नाही तर दोन-तीन मोडक्या नगांचा मिळून एक केला असावा.

हा नकाशा आपल्याकडे कोण पुसतो? आपणच, आणि श्रद्धेने. खंडेनवमीला घरातली शस्त्रे आणि हत्यारे पुजायची चाल आहे, आणि पूजेआधी ती लख्ख करायची. पितळी कमान चिंचेने घासली की चिंचेतले आम्ल तिच्यावरचा तांब्याचा काळा थर विरघळवते, आणि त्या थराबरोबर क्रमांकाच्या कडा जातात. लोखंडावर राख आणि विटकर चालवली की नळीवरचा मूळ निळा मुलामा गेलाच म्हणून समजा. त्यावर पाण्यात कालवलेले हळद-कुंकू लावून दिवसभर ठेवले की खळग्यांत ओलावा बसतो. पूजा बंद करा असे मी म्हणणार नाही. वस्तू कोरड्या सुती कापडावर ठेवून हळद-कुंकू कापडालाच लावले तरी पूजा पुरी होते. वर्षभर ती कातडी म्यानात किंवा लोकरीच्या गुंडाळीत ठेवू नये, कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार धातूत उतरतात. खळग्यातून पावसाळ्यात नारिंगी थेंब किंवा भुकटी येऊ लागली तर आत क्लोराइड जिवंत आहे असे समजावे. हे काम घरच्या तेलाचे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारावे. पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, शस्त्रे अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. राजा केळकर संग्रहालयात त्या काचेमागे पाहिल्या की वापराच्या खुणा न घासता राहू दिल्याने केवढे कळते, हे उमगते.

टोपीच्या या पद्धतीचा अंतही अचानक आला. मागून आरपार उघड्या सिलिंडरात पितळी काडतूस घालण्याचे अमेरिकी पेटंट रोलिन व्हाइटकडे होते. ते १८५५ चे, एप्रिल १८६९ मध्ये संपले. खडकीचा कारखानाही १८६९ चाच. त्यानंतर अनेक टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून कापून काडतुसासाठी बदलण्यात आले. असा नग मिळाला तर तो बनावट म्हणून टाकू नये. बदलाच्या खुणा जुन्या असतील तर तो संक्रमणाचा थेट पुरावा असतो आणि मला तरी तो साध्या नगापेक्षा जास्त बोलका वाटतो.

माळ्यावर, पेटीत असे काही सापडले तर आधी एक गोष्ट. ते भरलेले आहे असेच धरून चालावे. काळ्या दारूतला सोरा शंभर-दीडशे वर्षांतही खराब होत नाही. फुल्मिनेट उष्णतेत हळूहळू निकामी होते, पण कधी आणि किती, हे बाहेरून दिसत नाही. खुंटीवर टोपी दिसली तर घोड्याला, चापाला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुरातन किंवा जुन्या पद्धतीच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जी चालू शकत नाहीत त्यांनाच. नुसते जुने असणे पुरत नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आपल्या नगाबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी असल्यास वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशातला भाऊबंद कितीही किंमत देवो.

आणि पेटी रिकामी करताना कागद फेकू नयेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, त्यामुळे ज्या घरांत हत्यार उरले तिथे पुष्कळदा त्याचा परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी किंवा मोडीतली एखादी यादीही उरते. मोडी वाचणारे पुण्यात आजही मिळतात. त्या यादीत सिलिंडरच्या घरांची संख्या किंवा क्रमांक लिहिलेला असेल, तर भिंग घेऊन पितळी कमानीवरचा क्रमांक शोधावा. पूर्वी कोणी चिंचेने घासून तो पुसट केला असेल तर टॉर्चचा उजेड अगदी कडेने, पृष्ठभागाला समांतर टाकावा. ठोकलेल्या आकड्यांच्या उरल्यासुरल्या खाचांत सावली पडते आणि फोटोत आकडे वाचता येतात.