संप्रेरकाची गोळी आणि स्त्रीचे हृदय

साधारणतः ४५ ते ५५ या वयात स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते. हा रोग नव्हे, निसर्गक्रम आहे. तरीही आपल्या घरांतून या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही. आई एकाएकी घामाने डबडबते, रात्र-रात्र तिला झोप लागत नाही. आणि आपण ‘वयोमानाने होते असे’ म्हणून मोकळे होतो. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने कमी होते. याच संप्रेरकामुळे रक्तवाहिन्या लवचिक राहतात आणि रक्तातील घातक कोलेस्टेरॉल आटोक्यात राहते. पुढील वयात स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढते. तेव्हा जे कमी पडले ते गोळीने भरून काढावे, हा विचार कोणालाही पटण्याजोगा होता. अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून बनविलेली ‘प्रेमॅरिन’ ही गोळी १९४२ पासून मिळत होती. १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकातून तिचा जोरदार पुरस्कार केला. केवळ इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे १९७५ च्या सुमारास दिसून आल्यावर, गर्भाशय असलेल्या स्त्रियांना त्यासोबत प्रोजेस्टिन देऊ लागले.

गोळीने हृदयाचे रक्षण होते काय? १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन लेख आले. परिचारिकांच्या पाहणीत गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार पुष्कळ कमी आढळला; फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत नेमके उलट दिसले. विश्वास मात्र बसला तो पहिल्या निष्कर्षावर.

येथे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे. गोळी घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. मग त्यांचे हृदय गोळीने सुदृढ राहिले, की मुळात सुदृढ असणाऱ्यांनीच गोळी घेतली? नुसत्या पाहणीतून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन तुकड्या पाडून एकीला खरी गोळी व दुसरीला दिसायला तशीच पण निर्गुण गोळी द्यावी लागते.

अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रयोगात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर हेच केले गेले. जुलै २००२ मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा हा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या घटना निर्गुण गोळीवर ३०, तर खऱ्या गोळीवर ३७ झाल्या. पक्षाघात २१ ऐवजी २९. स्तनाचा कर्करोगही वाढला. खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र १५ वरून १० वर आले.

या बातमीने घबराट उडाली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पण तेही घाईचेच होते. प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन कैक वर्षे लोटली होती. पुढील अभ्यासांतून दिसले की, रजोनिवृत्तीनंतर लवकर उपचार सुरू केल्यास हृदयाला धोका कमी असतो. रक्तवाहिन्या कठीण झाल्यावर उशिरा सुरू केल्यास अधिक. म्हणून आज सर्वसाधारण मत असे आहे : केवळ हृदयविकार टाळण्यासाठी ही गोळी घेऊ नये, परंतु अंगाची आग, घाम, निद्रानाश यांनी त्रस्त झालेल्या, ६० वर्षांखालील किंवा पाळी जाऊन १० वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात वा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर सहसा ती दिली जात नाही.

हृदयासाठी रक्तदाब व मधुमेहावर लक्ष, रोजचे चालणे, तंबाखू-मिश्रीला फाटा, हे जुनेच उपाय खरे. आणि आणखी एक : आज घरी गेल्यावर आईला, ‘तुला काही त्रास होतो का गं?’ एवढे विचारावे. डॉक्टरांकडे जाण्याची वाट बहुधा तेथूनच सुरू होते.