गर्ल गाइड चळवळ : मुलींचे सक्षमीकरण आणि आपली महाविद्यालये

'गाइड' हे नाव इंग्लंडमधून आले असावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चळवळ इंग्लंडची हे खरे. नाव मात्र वायव्य सरहद्दीवरचे आहे. इ.स. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली. पठाण, पंजाबी मुसलमान, शीख, गुरखे अशा नाना जमातींचे जवान तीत होते. वाट दाखवणे, टेहळणी करणे आणि अनोळखी मुलुखात स्वतःच्या अकलेवर निभावून नेणे ही तिची कामे. मातकट रंगाचा गणवेश याच पलटणीने रूढ केला आणि 'खाक' म्हणजे माती या फारसी शब्दावरून 'खाकी' हा शब्द जगभर गेला. रॉबर्ट बेडन-पॉवेल हे १८७६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले होते. या पलटणीचा लौकिक त्यांच्या मनात राहिला. १९१० मध्ये मुलींची वेगळी संघटना स्थापन झाली तेव्हा तिला नाव देण्यात आले ते या सरहद्दीवरच्या वाटाड्यांचे.

ही संघटना कोणी मुलींना बहाल केलेली नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९०८ मध्ये मुलांसाठी स्काउटिंगचे पुस्तक निघाले. ते मुलींनीही वाचले आणि कोणाची परवानगी न घेता आपापली पथके काढली. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील स्काउट मेळाव्यात अशा काही मुली स्काउटचा पोशाख करून हजर झाल्या आणि आम्हालाही यात घ्या, अशी त्यांनी मागणी केली. त्यानंतर बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे मुलींच्या संघटनेचे काम सोपवण्यात आले. १९१२ मध्ये मुलींसाठी जे पहिले हस्तपुस्तक निघाले, त्याच्या नावातच साम्राज्य उभारणीत मुलींनी करावयाच्या साहाय्याचा उल्लेख होता. म्हणजे मागणी मुलींची आणि चौकट साम्राज्याची, अशी ही सुरुवात होती. आज 'सक्षमीकरण' या शब्दाने ओळखले जाणारे कार्य पुढील शंभर वर्षांत हळूहळू या चौकटीतून बाहेर आले.

हिंदुस्थानात पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपूर येथे निघाली. सुरुवातीला हे काम युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींपुरतेच होते. हिंदी मुलींना दार नंतर उघडले. १९२८ मध्ये हंगेरीतील पाराड येथील परिषदेत गर्ल गाइड्स व गर्ल स्काउट्स यांची जागतिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत हिंदुस्थान होता. स्वातंत्र्यानंतर देशातील निरनिराळ्या स्काउट संघटनांचे एकत्रीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था अस्तित्वात आली. गर्ल गाइड्स असोसिएशन तीत १५ ऑगस्ट १९५१ रोजी विलीन झाली. या एकत्रीकरणामागे पंडित नेहरूंबरोबर शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचेही प्रयत्न होते. मौलानांच्या शैक्षणिक कार्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण या कामाचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो.

आता या पद्धतीत नेमके घडते काय, ते पाहू. सहा ते आठ मुलींची एक टोळी असते. टोळी आपली नायिका ठरवते. अशा काही टोळ्या मिळून कंपनी बनते. टोळ्यांच्या नायिका एकत्र बसतात, त्या बैठकीला 'कोर्ट ऑफ ऑनर' म्हणतात. पुढचा कार्यक्रम कोणता घ्यावा, जमलेले पैसे कसे खर्च करावेत, कोणाची वागणूक चुकली असल्यास काय करावे, हे सारे तेथे ठरते. प्रौढ मार्गदर्शिका उपस्थित असते, पण तिने शक्यतो ऐकण्याचे काम करावे, अशी अपेक्षा असते. गाठी मारणे, प्रथमोपचार, तंबू ठोकणे, चूल पेटवणे ही कौशल्ये सर्वांना दिसतात. मात्र तेरा वर्षांची मुलगी सात जणींच्या वतीने बोलते, विरोध ऐकून घेते, मतभेद झाल्यावर पुन्हा त्यांच्यातच राहते, हे खरे शिक्षण होय. वर्गात मुलीला उत्तर देण्याची सवय लागते. येथे तिला निर्णय घेण्याची सवय लागते. आपल्या अनेक विद्यार्थिनी पदवीपर्यंत उत्तम गुण मिळवतात आणि तरीही पुढे शिकायचे की नाही हा प्रश्न घरात निघाला की एक वाक्य बोलू शकत नाहीत, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

जागतिक संघटनेचे सदस्य आज सुमारे १५० देशांत आहेत आणि मुलींची संख्या कोटीच्या आसपास जाते. मलेशिया, बांगलादेश, पाकिस्तान, इजिप्त या मुस्लिमबहुल देशांतही गाइडचे काम जुने आहे. या संघटनेने गेल्या दशक-दीड दशकात जे अभ्यासक्रम तयार केले, त्यांपैकी दोन आपल्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला 'व्हॉइसेस अगेन्स्ट व्हायोलन्स'. २०११ मध्ये संघटनेने मुलींवरील हिंसेविरुद्ध मोहीम सुरू केली. तिच्यातून संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन विमेन' या संस्थेच्या सहकार्याने २०१३ मध्ये हा अभ्यासक्रम पुढे आला. तो ५ ते २५ या वयोगटासाठी असून वयानुसार त्याचे टप्पे पाडले आहेत. लहानांना हिंसा हा शब्दही न उच्चारता गोष्टी व खेळ यांतून मुलगा-मुलगी समानतेची ओळख करून दिली जाते. मोठ्या मुली नात्यांमधला आदर, धाक व जबरदस्ती यांतला फरक, मदत कोठे मागावी, या विषयांवर बोलतात आणि पुढे आपल्या वस्तीत एखादी मोहीम चालवतात. यात मुलग्यांनाही घेता येते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बहिणीने समानता शिकावी आणि भावाने शिकू नये, यातून घरात फक्त भांडण वाढते.

दुसरा 'फ्री बीइंग मी' हा २०१३ चाच उपक्रम. पाच तासिकांमध्ये ७ ते १४ वयाच्या मुलींना सौंदर्याच्या ठरावीक कल्पनेकडे चिकित्सक नजरेने पाहायला शिकवणे हा त्याचा हेतू आहे. मुलींना नुसता उपदेश न करता त्या कल्पनेविरुद्ध त्यांनाच युक्तिवाद करायला लावायचा, अशी त्याची रीत आहे. ज्या समाजात स्थळ पाहताना 'लडकी गोरी है क्या?' हा प्रश्न शिक्षणाआधी विचारला जातो, तेथे याची गरज सांगायला नको. तथापि हा उपक्रम 'डव्ह' या साबणाच्या ब्रँडबरोबर तयार झाला आहे आणि त्या ब्रँडची मालक असलेली युनिलिव्हर कंपनीच भारतात वर्षानुवर्षे 'फेअर अँड लव्हली' विकत होती. क्रीमचे नाव बदलले ते २०२० मध्ये. अभ्यासक्रम चांगला आहे म्हणून ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. उलट सहाव्या तासिकेला तीच चर्चेला घ्यावी.

अशा उपक्रमांचे एक केंद्र आपल्या अगदी जवळ आहे. पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' हे जागतिक केंद्र असून १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. याआधी स्वित्झर्लंडमध्ये १९३२ साली आणि मेक्सिकोत १९५७ साली अशी केंद्रे निघाली होती; आशियातले केंद्र पुण्याला आले. परदेशी तरुणी येथे येऊन राहतात, पुण्यातील सामाजिक संस्थांबरोबर काम करतात. बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबादहून एका रात्रीच्या प्रवासात गाठता येईल असे हे ठिकाण आपल्या किती महाविद्यालयांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

अडचणी अर्थातच आहेत. पालकांचा पहिला आक्षेप मुक्कामी शिबिराला असतो. गाइड विभागाच्या कॅप्टन, रेंजर लीडर या स्त्रियाच असतात, हे त्यांना आधी सांगितले तर निम्मा विरोध मावळतो. उरलेल्या निम्म्यासाठी पहिले वर्षभर दिवसाचीच शिबिरे घ्यावीत आणि एखाद्या शिबिराला मातांनाच बोलवावे. दुसरा आक्षेप पोशाखाचा. गणवेशात सलवार-कमीज व ओढणी हा पर्याय उपलब्ध आहे. तिसरा प्रतिज्ञेचा. गाइडची प्रतिज्ञा ईश्वराप्रती व देशाप्रती कर्तव्य सांगते. ज्याला हवे त्याने ईश्वर या शब्दाऐवजी धर्म हा शब्द घ्यावा, अशी मुभा भारतीय संस्थेने ठेवली आहे. उर्दूत प्रतिज्ञा समजावून देताना 'खुदा' म्हणण्यात कोणाला अडचण येत नाही. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते. तेथे आपल्या मुलींनी आपली दुआ पढावी आणि इतरांच्या प्रार्थनेच्या वेळी अदबीने बसावे, एवढेच अपेक्षित असते.

खरी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. हे अभ्यासक्रम मूळ इंग्रजीत विचार करून लिहिलेले आहेत. 'लीडरशिप'ला मराठीत 'नेतृत्व' म्हटले की मुलींना निवडणूक आठवते. उर्दूतील 'क़ियादत' त्याहून जड. त्याऐवजी मराठीत 'जबाबदारी' आणि उर्दूत 'ज़िम्मेदारी' म्हटले की काम सोपे होते. 'जबाबदारी' हाही मुळात फारसी घराण्यातला शब्द आहे आणि जी जाब देऊ शकते ती जबाबदार, हा अर्थ मुलींना लगेच पटतो. 'बॉडी कॉन्फिडन्स'ला मात्र दोन्ही भाषांत सरळ शब्द नाही. तेथे एखाद्या लग्नघरातला प्रसंग नाट्यरूपाने करून दाखवणे हाच उत्तम अनुवाद. तासिका शब्दशः भाषांतरित करून वाचून दाखवल्या तर त्या फुकट जातात.

महाविद्यालयाला सुरुवात करायची झाल्यास रेंजर विभाग सोयीचा आहे. त्याची वयोमर्यादा १५ ते २५ असल्याने अकरावीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतच्या विद्यार्थिनी त्यात बसतात. एका टीममध्ये २४ पर्यंत मुली घेता येतात. पथक चालवणाऱ्या प्राध्यापिकेने भारत स्काउट्स आणि गाइड्सचे मूलभूत प्रशिक्षण शिबिर पूर्ण करावे लागते. पुढे प्रगत प्रशिक्षण आणि हिमालय वुड बॅज असे टप्पे आहेत. नोंदणी जिल्हा शाखेमार्फत होते. प्राचार्यांनी यासाठी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवावा, कारण सुटीनंतर ठेवलेला तास मुलींच्या बसच्या वेळेत बुडतो. प्रशिक्षणाला एकीऐवजी दोघी पाठवाव्यात. एकीची बदली झाली तर पथक त्याच वर्षी बंद पडते.